उत्तर चुकते ते नेमके कोठे?

शालेय उत्तरपत्रिकेत कोऱ्या जागेला शून्य गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरालाही शून्यच मिळतात. गुणांच्या हिशेबात हा न्याय सरळ असला, तरी शिक्षणाच्या दृष्टीने ही दोन शून्ये सारखी नाहीत. जागा कोरी सोडणाऱ्या विद्यार्थ्याने विचार केला की नाही, हे कळण्यास मार्ग नसतो. चुकीचे उत्तर लिहिणाऱ्याने मात्र बहुधा काही तरी विचार केलेला असतो आणि त्या विचाराची एखादी पायरी निसटलेली असते. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या बाबतीत या पायऱ्या शोधणे विशेष उद्बोधक ठरते. येथे घरची बोली वेगळी, पुस्तकाची भाषा वेगळी आणि शेतशिवारातील अनुभव या दोहोंहून अधिक बळकट, अशी स्थिती आहे. पाठांतर न केल्यामुळे होणाऱ्या चुका सर्वत्र सारख्याच असतात. तर्काच्या चुकांना मात्र गाव असते.

माठ आणि पेला

विज्ञानातील एक जुना प्रश्न असा : थंड पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याच्या बाहेरील बाजूस पाण्याचे थेंब का जमतात? हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर आल्याने त्याचे संघनन होते, हे अपेक्षित उत्तर. पेल्यातील पाणी बाहेर पाझरते, हे अनेक विद्यार्थ्यांचे उत्तर. ते हास्यास्पद वाटते खरे; पण होळीनंतर घरोघरी माठ मांडला जातो अशा प्रदेशात ते निराधार नाही. माठ खरोखरच पाझरतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर येते, त्याचे बाष्पीभवन होते आणि आतले पाणी गार होते. ‘थंड पाण्याचे भांडे बाहेरून ओले दिसते, कारण ते पाझरते’ हा निष्कर्ष माठाबाबत शंभर टक्के बरोबर आहे. तो पेल्याला लावला की चुकतो.

येथे झालेली चूक भारतीय तर्कशास्त्राला पूर्वापार परिचित आहे. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती न्यायदर्शनाने मान्य केली. जेथे अग्नी तेथे धूर, ही मात्र नाकारली. कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धुरासाठी अग्नीबरोबर ओले सरपणही लागते. पाझरणारे भांडे ओले होते, म्हणून ओले झालेले प्रत्येक भांडे पाझरते असे म्हणणारा विद्यार्थी नेमकी हीच व्याप्ती उलटी करतो. ज्या हेतूचा साध्याशी कायमचा संबंध नाही, त्याला नैयायिक ‘सव्यभिचार’ म्हणतात आणि त्याची गणना हेत्वाभासांत करतात. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. भारतीय दर्शनांच्या अभ्यासासाठी ते देशभर ओळखले गेले. त्याच जिल्ह्यातील शालेय विज्ञानाच्या तासाला मात्र हेत्वाभास हा शब्द सहसा ऐकू येत नाही.

पेल्याचा प्रश्न उपदेशाने सुटत नाही, तपासणीने सुटतो. पेल्यात पाण्याऐवजी लाल सरबत व बर्फ घातला, तरी बाहेरचे थेंब रंगहीनच राहतात. पेल्यावर झाकण ठेवून तो काट्यावर ठेवला, तर थेंब जमू लागल्यावर वजन थोडे वाढते. पाणी केवळ आतून बाहेर आले असते, तर ते वाढले नसते. खान्देशातील विद्यार्थ्याला तर याहून जवळचा पुरावा उपलब्ध आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पेल्यावर थेंब कमी जमतात आणि आषाढ-श्रावणात पेला भराभर ओला होतो. पाझरणे हे कारण असते, तर पेल्याने ऋतू पाहिला नसता. भुसावळ-जळगावकडे मेमध्ये वरदान ठरणारा कूलर जुलैत निरुपयोगी होतो, त्याचेही मूळ हवेतील याच बाष्पात आहे. कूलरमधील पाणी गार असते म्हणून वारा गार येतो, असे उत्तर अनेक जण देतात. वस्तुतः कूलरमध्ये साधे नळाचे पाणी भरले तरी तो काम करतो. कोरड्या हवेत त्या पाण्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते.

खत, केळी आणि कापूस

‘वनस्पतींचे अन्न कोणते?’ या प्रश्नाला ‘खत व पाणी’ असे उत्तर येते, तेव्हा ते शेतकऱ्याच्या घरातून आलेले असते. पिकाला खुराक द्यावा लागतो, ही शेतीची रोजची भाषा आहे आणि खत दिले नाही तर पीक पिवळे पडते, हा डोळ्यांसमोरचा अनुभव. पाठ्यपुस्तक मात्र सांगते की वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात. विद्यार्थी परीक्षेपुरते प्रकाशसंश्लेषण लिहितो आणि मनात खत ठेवतो. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

ही गुंतागुंत नवी नाही. यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट या संशोधकाने मोजून घेतलेल्या मातीच्या कुंडीत सुमारे पाच पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी दिले. झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले, मातीचे वजन मात्र केवळ दोन औंसांनी घटले. झाडाचे वजन मातीतून येत नाही, हे त्याने बिनतोड सिद्ध केले आणि पुढच्याच पायरीवर तो घसरला. मातीतून नाही, तर सारे वजन पाण्यातून आले असणार, असा त्याने निष्कर्ष काढला. हवेचा त्याने विचारच केला नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोनच पर्याय आहेत असे गृहीत धरून एक बाद करणे आणि दुसरा सिद्ध झाला मानणे, ही चूक आज बहुपर्यायी प्रश्नपत्रिका सोडवणारा विद्यार्थीही करतो. त्याच्यासमोर निदान चार पर्याय छापलेले असतात.

हंगाम संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग जाळला, तर मागे थोडीशी राख उरते. जमिनीतून आलेल्या खनिजांचा मोठा भाग त्या राखेत असतो. धूर व वायू होऊन गेलेला बहुतेक ऐवज मुळात हवेतील कार्बन डायऑक्साईड आणि पाणी यांतून घडला होता. खत लागते ते खनिजांसाठी. त्याचे प्रमाण थोडे असले तरी त्यावाचून झाडाचा कारखाना चालत नाही. म्हणून शेतकऱ्याचा अनुभव खोटा ठरत नाही. ‘लागते’ यावरून ‘अन्न आहे’ येथवर मारलेली उडी तेवढी चुकते.

शेतीची भाषा नेहमी आडच येते असे नाही. किंबहुना खान्देशात ती पुस्तकाच्या पुढे असल्याची उदाहरणे आहेत. ‘कापूस झाडाच्या कोणत्या भागापासून मिळतो?’ या प्रश्नाला ‘फूल’ हे उत्तर ओढून नेते, कारण उमललेले पांढरे बोंड चित्रात फुलासारखेच दिसते. परंतु कपाशीच्या शेतात वावरणाऱ्या घरात पाते, फूल आणि बोंड हे तीन वेगळे शब्द रोज वापरात असतात. पाते म्हणजे कळी, फूल म्हणजे फूल आणि बोंड म्हणजे फळ. जिनिंगमध्ये बोंडातील कापसाची सरकी वेगळी निघते व रुई वेगळी. ही रुई म्हणजे सरकीच्या पृष्ठभागावर वाढलेले तंतू होत. एवढी नेमकी वर्गवारी घरी असलेला विद्यार्थीही परीक्षेत ‘फूल’ लिहितो, याचा अर्थ प्रश्न वाचताना त्याने घरचे ज्ञान दाराबाहेर ठेवलेले असते. शाळेत घरचे बोलायचे नसते, हा धडा त्याने सर्वांत आधी गिरवलेला असतो.

केळीचेही तसेच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीबाग न पाहिलेले मूल सापडणे कठीण. तरीही ‘केळीचे खोड कोठे असते?’ या प्रश्नावर ते उभ्या खांबाकडे बोट दाखवते. तो खांब म्हणजे एकावर एक घट्ट बसलेल्या पानांच्या देठांचे वेष्टन होय. खरे खोड जमिनीखालील कंद. बागेत लागवड करताना कंद लावतात आणि शेजारून मुनवे फुटतात, हे त्या मुलाला ठाऊक असते. ‘जे उभे व जाड ते खोड’ ही सवयीची व्याख्या त्या माहितीवर मात करते. केळी हे शास्त्रीयदृष्ट्या झाड नसून मोठ्या आकाराची शाकीय वनस्पती आहे, हेही त्यामुळेच गळी उतरत नाही.

ई-कारान्ताचा नियम आणि ‘ने’ची युक्ती

भाषेच्या प्रश्नपत्रिकेतील चुका अधिक फसव्या असतात, कारण त्यांमागे बहुधा एखादा अर्धा खरा नियम असतो. नदी, भाकरी, काठी, वही हे शब्द पाहून विद्यार्थी ठरवतो की ई-कारान्त नाम स्त्रीलिंगी. शिकवणीच्या वर्गात हा नियम सांगितलाही जातो. मग पाणी, दही, लोणी ही नपुंसकलिंगी आणि हत्ती, मोती ही पुल्लिंगी नामे समोर आली की उत्तर चुकते. गंमत अशी की बोलताना हाच विद्यार्थी ‘गार पाणी प्यालो, ते गोड होते’ असे बिनचूक बोलतो. कानाला बरोबर माहीत असलेले, नियम आठवताना हातून सुटते.

प्रयोग ओळखण्याच्या प्रश्नात तर युक्त्यांचा सुळसुळाट आहे. ‘राम आंबा खातो’ हा कर्तरी प्रयोग आणि ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी. या दोन उदाहरणांवरून ‘कर्त्याला ने लागला की कर्मणी’ अशी युक्ती तयार होते आणि ती पुष्कळदा चालते. ‘रामाने रावणास मारले’ हे वाक्य आले की ती कोसळते. तेथे कर्त्याला ‘ने’ आहे, पण कर्मालाही प्रत्यय लागलेला असल्याने क्रियापद कर्माप्रमाणे बदलत नाही; ते नपुंसकलिंगी एकवचनी राहते आणि प्रयोग भावे ठरतो. विचारायचा प्रश्न ‘ने आहे का?’ हा नसून ‘क्रियापद कोणाप्रमाणे बदलते?’ हा असतो. आंब्याच्या जागी चिंच ठेवून पाहिली, की ‘खाल्ला’चे ‘खाल्ली’ होते आणि उत्तर हाती येते. रावणाच्या जागी ताटकेला ठेवले तरी ‘मारले’ जागचे हलत नाही. समासांतही हेच दिसते. आरंभी संख्या दिसली की द्विगू, ही युक्ती ‘पंचवटी’ला लागू पडते, ‘दशानन’ म्हणजे रावण, हा मात्र बहुव्रीही. अशा युक्त्या शिकवणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या परीक्षेत एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही, ती परीक्षाच युक्तीला बक्षीस देत असते.

खान्देशात याला आणखी एक पदर आहे, तो बोलीचा. २०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या नोंदीखाली सुमारे साडेअठरा लाख भाषकांची गणना झाली. अहिराणी त्यातच येते. जॉर्ज ग्रियर्सन यांनी आपल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात खान्देशीला मराठीबरोबर न ठेवता भिल्ली भाषांबरोबर ठेवले होते. हे वर्गीकरण मान्य करायचे की नाही, हा अभ्यासकांचा विषय. पण अहिराणीचे व्याकरण प्रमाण मराठीचे बिघडलेले रूप नव्हे, एवढे त्यावरून ध्यानात यावे. ‘मी जास, तू जास, तो जास, ती जास’ असे अहिराणीत एकच रूप चालते. प्रमाण मराठीत तेथे जातो, जाते, जातोस, जातेस अशी पुरुष व लिंगाप्रमाणे वेगळी रूपे करावी लागतात. जे भेद घरच्या बोलीत क्रियापदावर दिसतच नाहीत, ते लिहिताना विद्यार्थ्याला प्रत्येक वेळी मुद्दाम आठवावे लागतात. निबंधात कर्ता आणि क्रियापद जुळत नसेल, तर त्यामागे निष्काळजीपणा असेलच असे नाही.

उच्चारांची कथा याहून मनोरंजक आहे. अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, धुळ्याचे धुये. तसाच ‘ण’च्या जागी ‘न’ येतो : पाणी म्हणजे पानी. ‘डोया नव्हे, डोळा’ असे दहा वेळा बजावले गेलेले मूल मनाशी नियम बांधते की पुस्तकात ‘य’च्या जागी ‘ळ’ लिहायचा. मग ‘दया’चे ‘दळा’ आणि ‘मन’चे ‘मण’ होण्याचा धोका उभा राहतो. शिक्षकाच्या दृष्टीने हे अज्ञान. प्रत्यक्षात शिक्षकाने दिलेली दुरुस्तीच नियम म्हणून पुढे नेलेली असते, फक्त तिची मर्यादा कोणी सांगितलेली नसते. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडले की शिकणाऱ्याच्या चुका हा त्याने मनात रचलेल्या व्याकरणाचा पुरावा असतो. वर्गात लाल शाईखाली तो पुरावा वाचला जाण्याआधीच बाद होतो.

खिरोद्याचा अनुभव

विज्ञानातील चुकांचा भाषेशी संबंध जोडणारे महत्त्वाचे काम ज्या संस्थेने केले, तिचा खान्देशाशी जुना संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. केंद्राच्या आरंभीच्या क्षेत्रीय प्रकल्पांपैकी एक प्रकल्प १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रावेर तालुक्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण माध्यमिक शाळांत राबवला गेला. ग्रामीण विद्यार्थी विज्ञानात मागे का पडतो, हा प्रश्न प्रयोगशाळेत बसून न सोडवता शाळेत जाऊन तपासण्याचा तो प्रयत्न होता. केंद्राचे संस्थापक-संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांनी १९८१ मध्ये भाषेच्या अडसरावर लेख प्रसिद्ध केला. पाठाची भाषा सोपी केली, तर विज्ञानाचे आकलन सुधारते, असा त्यांच्या कामाचा निष्कर्ष होता. विज्ञान कठीण वाटते त्यातील काही वाटा विज्ञानाचा नसून मराठीचा, म्हणजे पुस्तकी मराठीचा आहे, हे त्यातून पुढे आले.

अर्थात शब्द सोपा करून भागत नाही अशीही ठिकाणे आहेत, कारण तेथे शब्द आधीच सोपा आणि म्हणूनच फसवा असतो. बाजार समितीत केळीच्या घडाचे वजन २० किलो असते. भौतिकशास्त्रात २० किलोग्रॅम हे त्या घडाचे वस्तुमान. वजन सुमारे १९६ न्यूटन. डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन सपाट रस्त्याने दोन किलोमीटर चालणारी मजूर स्त्री दिवसभराचे काम करून थकते, तर पुस्तक म्हणते की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तिने केलेले कार्य शून्य. ‘काम’ आणि ‘कार्य’ हे येथे दोन वेगळे शब्द आहेत, हे सांगितल्यावाचून विद्यार्थ्याने ते ओळखावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. भरताच्या वांग्याला भाजीवाला भाजी म्हणतो आणि वनस्पतिशास्त्र फळ म्हणते. दोघेही आपापल्या दुकानात बरोबर असतात.

प्रश्नाच्या रचनेमुळे होणाऱ्या चुकांबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘खालीलपैकी कोणते विधान चूक नाही?’ यातील दुहेरी नकार विज्ञान तपासत नाही, डोळे तपासतो. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’ हे शब्द ओलांडून वाचण्याची सवयही तशीच महाग पडते. ‘सर्व धातू सामान्य तापमानाला स्थायू असतात’ हे वाक्य पाऱ्यामुळे असत्य ठरते, पण ‘सर्व’ हा शब्द न वाचणाऱ्याला ते सत्य वाटते.

सूर्य डोक्यावर कधी येतो?

जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊ लागला की एक स्पष्टीकरण हमखास दिले जाते : उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. शेकोटीजवळ गेले की ऊब वाढते, या अनुभवावर ते उभे आहे. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते. म्हणजे खान्देशात थंडी असते तेव्हा. सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर, ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात असते. ही चूक केवळ शाळकरी मुलांची नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या एका शैक्षणिक चित्रफितीत हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या वेळी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून २३ जणांना ऋतू व चंद्रकलांची कारणे विचारण्यात आली. २१ जणांची उत्तरे चुकली आणि ऋतूंबाबत त्यांतील अनेकांनी अंतराचेच कारण दिले.

पृथ्वीचा कललेला आस हे खरे कारण विद्यार्थ्याला पाठ असते, पण त्याची प्रचीती नसते. प्रचीतीसाठी एक मीटर लांबीची सरळ काठी पुरेशी आहे. जळगावचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर, धुळ्याचे त्याहून किंचित कमी. २२ डिसेंबरच्या सुमारास येथे मध्यान्ही या काठीची सावली जवळजवळ तिच्याएवढीच, सुमारे ९८ सेंटिमीटर पडते आणि दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो. २१ जूनला दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा होतो आणि सावली जेमतेम चार सेंटिमीटर उरते, तीही दक्षिणेकडे. किरण सरळ पडतात आणि जास्त वेळ पडतात, हे काठीच सांगते. तरी सर्वाधिक उष्मा जूनअखेरीस नसून मेमध्ये असतो, कारण जूनमध्ये ढग आणि पाऊस येतात. हा पुढचा प्रश्न एखाद्या चाणाक्ष मुलाने विचारला, तर त्याला गप्प करण्याचे कारण नाही.

याच काठीने आणखी एक समजूत तपासता येते. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे विधान इतके रूढ आहे की ते चूक किंवा बरोबर ठरवण्याच्या प्रश्नात बहुतेक विद्यार्थी निःशंकपणे ‘बरोबर’ लिहितात. खान्देशात सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो : २५ मेच्या सुमारास आणि पुन्हा १८ जुलैच्या सुमारास. तेव्हाही घड्याळात बारा वाजलेले नसतात. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची असल्याने पश्चिमेकडील या जिल्ह्यांत मध्यान्ह उशिरा होते. मेमधील त्या दिवशी जळगावात ती सुमारे १२ वाजून २५ मिनिटांनी, तर धुळ्यात १२ वाजून २८ मिनिटांनी होते. जुलैमध्ये याहून नऊ-एक मिनिटे उशिरा. त्या क्षणी उभ्या काठीची सावली पूर्णपणे पायाशी जाते. मेच्या अखेरीस शाळांना सुटी असते आणि जुलैच्या मध्यावर आकाश बहुधा ढगाळ असते. त्यामुळे पुस्तकातील ते वाक्य शाळेच्या अंगणात तपासण्याची संधी वर्षानुवर्षे हुकते. सुटीत गावाकडे असलेल्या मुलाला ती साधायची असेल, तर सपाट जागा, ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी आणि पावणेबारा ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी ठेवलेला एकेक खडा, एवढे साहित्य लागते.